न हलणारा हात

बाबांच्या मनगटावर सहा वर्षांपूर्वीचं घड्याळ.
काचेवरचा चरा कागदगिरणीतला,
निवृत्तीच्या आधल्या आठवड्यातला.
पट्ट्याला एक जादा भोक, मी सुई तापवून पाडलेलं,
मनगट बारीक होत गेलं म्हणून.

खुब्याचं हाड मोडल्यापासून
ते चाकांचा वॉकर ढकलत जातात
टपालपेटीपर्यंत, बर्फावर पसरलेल्या खडीवरून,
दोन्ही मुठी दांड्यावर घट्ट.
आणि घड्याळ म्हणतं: आज तुम्ही बसून होतात.

"रीक्का, तुझ्या कंपनीला कळव," ते फोनवर म्हणाले,
"मी बसलेलो नव्हतो."
रागाने नाही.
पाळीच्या तक्त्यातली चूक मुकादमाला दाखवावी, तसं.

औलूला आमच्या मजल्यावर दुपारी तीनलाच दिवे लागतात.
मी त्यांच्या जुन्या नोंदी उघडल्या
तर त्यात सगळंच होतं:
खडीची थरथर, दांड्यातून तळहातात,
तळहातातून मनगटात चढलेली,
दर डाव्या पावलाला किंचित अडखळणारी.
घड्याळाला ते पहिल्या दिवसापासून लागत होतं हाताला.
आम्हीच शिकवलं होतं त्याला
की हात झुलला तरच माणूस चालला.

वेसा म्हणाला, वसंतात नवं मॉडेल येतंय, त्यात बघू.
मी म्हटलं, नव्यात काय वेगळं आहे?
तो चिप्स खात राहिला.

मग वृद्धाश्रमातून अकरा वॉकर उसने आणले
आणि आम्ही अकरा धडधाकट माणसं
पार्किंगमध्ये गोल गोल फिरलो, चार दिवस, उणे चौदात.
कुत्रं फिरवणारी एक बाई थांबून विचारून गेली,
कुठे अपघात झाला का?

मंगळवारी रात्री अपडेट गेलं.
केमीत, खिडकीच्या फळीवर, कॉफीच्या डब्याशेजारी
घड्याळ चार्जिंगला पडलेलं.
एक स्क्रू ढिला झाला नाही.
सकाळी चरा होता तिथेच होता.

बुधवारी रात्री फोन.
"दोन हजार एकशे चार," बाबा म्हणाले.
पलीकडे किटलीचं झाकण वाजत होतं.
"आणि गेल्या हिवाळ्याचे?"

मागचं मोजत नाही ते, बाबा.
ज्या रात्री शिकतं, तिथून पुढचंच.

बराच वेळ किटलीच बोलत राहिली.
"असू दे," ते म्हणाले,
"ते माझ्याकडे आहेत."