धाकटी गोळी

ऑर्विन काउंटरवर तीन गोळ्या उभ्या करतो,
उतरत्या भाजणीनं.
ही दोनशे त्रेचाळीस. वाऱ्याला ऐकत नाही,
पण कातडं फाडते.
ही बावीस-अडीचशे. सुसाट जाते, नळी खाते.
आणि ही धाकटी, दोनशे तेवीस,
भोक मुगाएवढं. स्वस्त पडेल.

थीडा एकीलाही हात लावत नाही.
कातडं कुणाला विकायचंय?
एप्रिलात सात कोकरं गेली,
आठव्याचा नुसता कान सापडला,
पिवळ्या बिल्ल्यासकट.

किती लांबून मारणार?

स्वयंपाकघराच्या खिडकीतून.
रोज पहाटे कुंपणापाशी येऊन बसते कोयोटी.
आचळं लोंबतायत तिची.

ऑर्विन धाकटी पुढे सरकवतो,
पण बोट काढत नाही
तिच्या टोकावरून.

बाहेर वायोमिंगचा वारा
पिकअपचं दार
उघडू देत नाही.