चाड्यावरची मूठ

पेरणाऱ्याच्या दाखल्यावर माझी एकोणीस वर्षं गेली.
तीन वह्या भरल्या. निळ्या शाईत मूळ ग्रीक शब्द,
लाल शाईत जुन्या आचार्यांची मतं,
आणि समासात, पेन्सिलीनं, माझी स्वतःची,
खोडता यावीत म्हणून.

जालन्यात राहून बियाण्यावर लिहायचं
म्हणजे शिंपीगल्लीत सुईवर व्याख्यान देणं.
इथं भिंतीभिंतीवर कपाशीची बोंडं रंगवलेली,
पाकिटापाकिटावर उगवणीचा टक्का छापलेला.
चार जागा, तीन वाया, असं मी उपदेशात म्हणालो
तेव्हा मागच्या बाकावरचा, बियाणे कंपनीतला डेव्हिड घोरपडे
शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला,
एवढ्यावर लायसन जातं.

गुरुवारी अंबडकडच्या एका वाडीत
पत्र्याच्या देवळात अभ्यासवर्ग असतो.
फळ्यावर मी चार रकाने आखले.
वाट म्हणजे कठीण मन. खडक म्हणजे उथळ विश्वास.
काटे म्हणजे संसाराची चिंता. पाखरं म्हणजे सैतान.
सांगितलं की हा उलगडा बहुधा मागाहूनचा,
गोष्ट सांगणाऱ्याचा नव्हे, ऐकणाऱ्यांच्या पिढीचा,
असं काही पंडित मानतात.
सांगितलं की त्या देशात आधी पेरत, मग नांगरत,
तेव्हा वाटेवर बी पडलं यात वेंधळेपणा नव्हता.
सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या नेहमीच डोलतात.

मग राहेलबाई खंडागळे उठल्या.
सकाळभर प्लॉटवर
नराचा पराग मादीफुलाला लावून आलेल्या;
बोटं पिवळी, अंगठ्याचं नख काळं.

"पाखरं सैतान कामून, पाळकसायब?
मोहरीच्या झाडाला घरटं करायला आली ती कोन्ती मंग?
आन पेरीत न्हाईत, कापीत न्हाईत,
तरी आभाळातला बाप ज्यांला खाऊ घालतो, ती?
तीन ठिकानी तीन जातीची पाखरं हायेत
का एकच थवा हाय?"

मी वही चाळली. निळी शाई. लाल शाई.
समासातही काही नव्हतं.

त्या बसल्या नाहीत.
"सासऱ्यासंगं धा सालं चाड्यावर मूठ धरली म्या.
मूठ आवळली की तास मोकळं जातंय,
सैल सोडली की एकाच जागी ढीग.
आन धुऱ्यावर तिफण वळताना चार दाने सांडत्यातच.
सासरा म्हनायचा, त्यावर पाय दिऊ नको,
ती पाखराची पेर हाय."

कोणीतरी खोकलं. बाहेर शेळी ओरडली.
मी घड्याळ पाहिलं आणि शेवटची प्रार्थना केली,
जरा लांबच केली.

परतीच्या एसटीत, खिडकीला डोकं टेकून,
दाखला शब्दाशब्दानं आठवून पाहिला.
जमीन आहे, ऊन आहे, मुळं आहेत,
तीसपट, साठपट, शंभरपट आहे.
हात हा शब्द नाही.
मूळ भाषेतही नाही.
एकोणीस वर्षं मी माती वाचली
आणि मूठ कोणाची, आवळलेली की सैल,
हे विचारायचं राहून गेलं.
की ते विचारायचंच नसतं? माहीत नाही.

स्टँडावर एका पोत्याच्या भोकातून ज्वारी सांडली होती.
हमाल शिव्या देत होता, चिमण्या टिपत होत्या.
मी बाजूनं गेलो.
अर्थ काढला नाही.

रात्री वही उघडली.
पाखरं म्हणजे सैतान, हे लाल शाईतलं; खोडरबरानं जाईना,
कागदच झिजला.
मग शेजारी पेन्सिलीनं एक तळटीप लिहिली:
राहेलबाई खंडागळे, तोंडी, गुरुवार,
तारीख घालायची आहे.

छापायला देईन तेव्हा संपादक नक्की विचारतील,
या बाई कोणत्या विद्यापीठाच्या.