एक की दोन

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकाचौकात दोर बांधतात, धरून चालायला.
लोक वाऱ्याला शिव्या घालतात. मी नाही.
वाऱ्यात माझ्या अंगाला वास नसतो,
तो थेट सामुद्रधुनीत जाऊन पडतो,
पाणकावळ्यांनी काय ते म्हणावं.

दुकानात शिरले की पुन्हा मी, आणि तो.
कपाळाच्या कडेला, नाकपुडीच्या खाचेत,
दुपारी बारापर्यंत
खवट.
तळणीचं तेल चार वेळा वापरून
झाकण न लावता ठेवावं, तसा.
काखेतला निराळा, उग्र, कांद्याच्या सालांचा.
त्याचं एवढं वाटत नाही, तो सगळ्यांच्या ओळखीचा.
पण चेहरा! चेहरा कुठे लपवून ठेवायचा?

गंधकाचा साबण झाला. तुरटी झाली.
दर तासाला टीपकागद,
दिव्याशी धरला तर बोटं आरपार दिसतात.
पिशवीत दुसरा शर्ट, जेवणाच्या सुट्टीत बदलायला.
डॉक्टर म्हणाले, मला तर काहीच येत नाही.
दानित्सा म्हणते, मनाचे खेळ आहेत, यास्ना.
बहीण आहे ती माझी.
पण खिडकी उघडून म्हणाली.

आणि धंदा असा, की डोळे तपासायचे.
अंधारी खोली, गॅसची शेगडी,
वीतभर अंतरावर माणसाचं तोंड.
साथीच्या दिवसांत सगळे मास्कला वैतागले,
मी त्याच्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली.
आता पुन्हा श्वास रोखून वाकते,
भिंग सरकवते, विचारते:
एक बरं, की दोन?
समोरचाही श्वास रोखून असतो.
भिंगासाठी की माझ्यासाठी,
वीस वर्षांत कुणाला विचारलं नाही.
नाक मुठीत धरून जगणं म्हणतात ते हेच असेल,
फक्त नाक त्यांचं.

काल एलेउतेरियो बार्रिया आला.
वय सत्त्याहत्तर, जन्मभर मेंढ्या कातरलेला.
त्याच्या आधी त्याचा वास आत आला होता,
लोकरीचा ओशट, ओल्या लाकडाचा धूर.
मी वाकले. हा आपला मोकळा श्वास घेतोय.
एक की दोन?
"दोन. बाई, एक विचारू? डोळ्यांचं नाही.
मेंढ्या बुडवायच्या औषधानं नाक गेलं माझं.
दूध उतू गेलेलं कळत नाही.
उद्या लेक येतेय, नऊ वर्षांनी, जावयाला घेऊन.
मला घाण येते का?
बायको होती तोवर ती सांगायची."
आणि कॉलर धरून पुढे केली,
चष्मा दुरुस्तीला द्यावा तशी.

मनाचे खेळ, असं म्हणता आलं असतं.
मला तर काहीच येत नाही, असंही.
मी हुंगलं. कॉलर, मानेची घडी,
कानामागे, जिथं तेल साचतं.
"येते," म्हटलं. "कोटाला धुराचा वास, तो राहू द्या.
मानेला मेंढीचा. कानामागे खवट."

खवट.
हा शब्द मी मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता.
त्यानं खिशातून चिठोरं काढलं,
नाक कागदाला लावून, वाकड्या अक्षरात लिहिलं:
कानामागे.

पिशवीतला माझा साबण, अर्धा झिजलेला,
टीपकागदात गुंडाळून दिला.
"हा तुमच्याकडे कसा?"
मीही तसलीच, म्हणाले. कपाळ. बाराच्या पुढे.
तो इतका हसला
की हनुवटी टेकणीवरून घसरली.
"मला सांगून काय उपयोग, बाई!"

तपासणी पुरी केली.
शेवटच्या दोन ओळी त्याला लागल्या नाहीत.
मोतीबिंदू. तेही सांगून टाकलं.

दोर धरून तो चौक ओलांडून गेला,
दुसरा हात कोटाच्या खिशावर.
मी सवयीनं खिडकी उघडली.
मग लावून घेतली. थंडी फार होती,
आणि बारा केव्हाच वाजून गेले होते.