शिट्टीचा खांब

गुडघा नवा आहे, धातूचा.
डेलॉरिस म्हणाली, सायकल चालव,
सपाटीवर, रोज, बर्फ पडेपर्यंत.
आणि या काउंटीत सपाट म्हणावं असं
एकच काय ते आहे:
रूळ उचलून नेले तो बांध.
आता वर डांबर, मधोमध पिवळी रेघ,
दोन्ही हातांना पाणी.

सहाला निघते.
हालोनेन सायडिंगची पाटी अजून उभी,
सायडिंग नाही, हालोनेनही नाहीत.
पुढे पॉपलरच्या मुळांनी डांबर उचललंय,
कुणीतरी प्रत्येक उंचवट्याभोवती नारिंगी वर्तुळ काढलंय,
मास्तरांनी चूक दाखवावी तसं.
एक चूक मी हुकवते.
दुसरी थेट मणक्यात.

मग रान मागे सरतं आणि दलदल उघडते.
पाणकणसं, आणि कणसाकणसावर
लाल खांद्यांचा एकेक काळा पक्षी, मालकी सांगत.
मेलेले तामारॅक, कमरेएवढ्या पाण्यात.
बीव्हरांनी मोरी पुन्हा तुंबवलीय.
वडील असते तर शिव्या घालत पाण्यात उतरले असते,
फिनिशमध्ये, कारण त्यांच्या मते
बीव्हरना इंग्रजी कळत नाही.

ऐनो त्यांचं नाव. सेक्शनवरचा माणूस.
एकोणतीस वर्षं हा बांध पायी तुडवला,
खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा.
रुळाला एक ठोका, कान द्यायचा, पुढे.
घरीही तेच.
जेवताना टेबलावर बोट वाजवायचे
आणि आमच्यापैकी कोण तडकलंय
ते न बघता ओळखायचे.

वळणाआधी तो खांब लागतो,
काँक्रीटचा, बुटका, वर एकच अक्षर: डब्ल्यू.
आज तिथे एक मुलगा थांबलाय, लेम्पीचा पणतू.
विचारतो, हा माझा आहे का?
त्याचं नाव वेस्ली.

नाही रे, सांगते, इथे इंजिनाने शिट्टी द्यायची.
पुढे दूधवाल्यांचा रस्ता आडवा जायचा.
कुठाय रस्ता?
मी आल्डरच्या झुडपांकडे बोट करते.
तो बघतो. झुडपं.
पण नियम म्हणजे नियम. घंटी वाजवतो,
मी शिकवते तशी:
दोन लांब, एक आखूड, एक लांब.

आणि वळणापलीकडे खरंच कुणी आडवं चाललेलं.
कासवीण. परातीएवढी, पाठीवर शेवाळ,
जबडा असा की काठी मोडेल.
आम्ही सायकली आडव्या टाकून उभे,
फाटक पडल्यासारखे.
तिला घाई नाही. डांबर ओलांडलं,
कडेच्या खडीत मागचे पाय रोवले आणि उकरू लागली.
ती खडी वडिलांनी ठोकून बसवलेली.
इतकी घट्ट बसवली तरी
तिला हवी तेवढी ढिली निघाली.

वेस्लीने अंडी मोजली, सव्वीसपर्यंत.
डासांनी आम्हाला मोजलं.

परतताना कळलं.
जाताना पाय हलके होते
ते काही गुडघ्याचं कर्तृत्व नव्हतं.
रेल्वेचा उतार, शंभर फुटांना अर्धा फूट,
डोळ्याला दिसत नाही,
पण खनिजाने भरलेले डबे
तेवढ्यावरच सरोवराच्या धक्क्यापर्यंत जायचे.
डेलॉरिसने सपाट म्हटलं, मीही मानलं.
उतारवय म्हणतात ते असंच असावं:
वाटत राहतं, आज अंगात जोर आहे.

रूळ गेले त्या साली सगळे म्हणाले,
आता इथे कोण राहतंय.
रूळ गेले. आम्ही रुळलेलो होतो,
त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

घरी येऊन टेबलाशी बसले.
नव्या गुडघ्यावर बोटाने एक ठोका दिला,
कान दिला.
फ्रिज घुरघुरत होता, नीट काही ऐकू आलं नाही.
मग पोटरीवर डास चावला होता
ती जागा खाजवत बसले.