दुभाषी

माडिया येतं म्हणून मला आणलं,
अंगणवाडी सोडून, तहसीलच्या जीपमधून.
साहेब म्हणाले, विचारलं तेवढंच सांगायचं.

समोर रुपी हेडो.
पर्लकोटा उतरून पायी आलेली,
पाठीला पोर, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.

किती जण होते?
बूट दहा, ती म्हणते.
भागाकार मी केला.

कपडे कसे होते?
झाडासारखे.
मोठे बाबू टंकायचं थांबले :
‘हिरवे तं जंगलवालेबी घालतात, साहेब.
रात्री भात मागाले येतात ना, थेच असन.’
खिडकीबाहेर ड्रायव्हर खर्रा घोटत होता,
तेवढाच आवाज.

मग तिनं पदराची गाठ सोडली.
टेबलावर एक बटण.
दीड वर्ष तांदळाच्या मडक्यात ठेवलेलं,
दोरा अजून अडकलेला.

बटणावर सिंह.
माझ्या पोषण-रजिस्टरवरही तेच,
तिच्या रेशनकार्डावर,
साहेबांच्या डोक्यामागच्या भिंतीवर.
कुणी वर पाहिलं नाही.
बटण पाकिटात गेलं. पाकिटावर नंबर पडला.

आरोपीच्या रकान्यात बाबूंनी लिहिलं : अनोळखी.

काय लिहिलं, तिनं मला विचारलं.
मी सांगायला लागले आणि अडखळले,
लहानपणापासून बोलते ती भाषा, तरी.
पण तिला कळलं असावं.
अंगठ्याची शाई पदराला न पुसता
ती एकच शब्द बोलली :

सरकार.

तो दोन्हीकडे सारखाच आहे.
उलथा करायचं काही उरलंच नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले :
काय म्हणते ती?