चुन्याची डबी

जिनिंगच्या पट्ट्यांखाली सव्वीस वर्षं गेली,
बाबांचे कान आतून कापसानं भरत गेले.
मग अकरा वर्षं आई ओरडून बोलली.
भाजीत मीठ कमी पडलं, हे गल्लीला कळायचं.
मला आलेला नकार
आधी शेजारच्या पंचफुलाबाईला कळला,
मग बाबांना.
जे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं
ते तिनं सांगणंच सोडलं.

पुलगावच्या शिबिरात यंत्र मिळालं,
चिंचोक्याएवढं,
आमच्या घरात कुणाचीच नाही
अशा कातडीच्या रंगाचं.
त्या दिवशी बाबा ओट्यावर बसून
बकरीचं रवंथ ऐकत राहिले,
स्वतःची चप्पल ऐकली, दोनदा उठून.
आईनं जेवायला हाक मारली तशी दचकले :
"वरडतं काऊन? मी का बहिरा हाओ?"

आई हळू बोलायला गेली.
पण तो आवाज पेटीतल्या लुगड्यासारखा
घडीवरच विरला होता.

सेल आठवडाभर पुरायचा.
देवळीत मिळायचा नाही, वर्ध्याला जावं लागे.
उन्हाळ्यात घाम शिरला की यंत्र शिट्टी मारी,
पोळ्याच्या डफड्यांना ते खिशात जाई.
बाबा सेल जपू लागले :
ग्रामसभेला लावायचे,
रविवारी माझ्या फोनला.
"माह्यासाठी कोन सेल जाळते?"
आई म्हणायची. हसायची नाही.

चौथ्या वर्षापासून मीच पाठवते सेल, पाकिटानं.
आता दिवसभर कानात असतं.
रात्री बाबा ते चुन्याच्या जुन्या डबीत ठेवतात.
आईनं डबी तीनदा घासली,
कोपऱ्यात पांढरं उरलंच.

या दिवाळीला मी मधल्या खोलीत झोपले होते.
डबीचं झाकण वाजलं. दिवा गेला.
मग आई बोलू लागली,
इतकं हळू, की आधी मला वाटलं
कोठीत उंदीर आहे.
माझ्या आधीच्या मुलाचं बोलत होती ती,
नऊ दिवसांच्या.
त्याचं नाव ठेवलं होतं तिनं, मनातल्या मनात.
ते मी पहिल्यांदा ऐकलं.
बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले.

सकाळी मी डबी उघडली.
रिकामी.
यंत्र बाबांच्या कानातच होतं,
सेल संपलेला.
रात्री कधी संपला,
पहिल्या शब्दाला की शेवटच्या,
त्यांना विचारायचं तर
ओरडून विचारावं लागलं असतं.

आई चुलीपाशी होती.
"नवा सेल दे त्याइले," म्हणाली,
"चहा निवून राह्यला."