कोणी, कधी उघडली

कागद होते तेव्हा डॉक्टर वाइकेंचं अक्षर
फक्त मला लागायचं.
त्या गेल्या, आणि हीयुमा बेटावरची निम्मी दुखणी
एका रात्रीत निरक्षर झाली.

म्हणून मी कागदांची बाजू घेणार नाही.
एका वादळात दवाखान्याच्या तळघरात समुद्र आला,
'के'पासून 'एम'पर्यंतच्या आडनावांचा लगदा झाला,
आणि वर्षभर मी विचारत बसले:
कुठलं औषध सोसत नाही, आठवतं का?

आता आठवावं लागत नाही.
मागच्या हिवाळ्यात फेरीबोटीवर कोसळलेला सुतार
शुद्धीत नव्हता,
पण पलीकडच्या किनाऱ्यावर, एका पोरसवदा डॉक्टरपाशी,
त्याचं पेनिसिलिनशी असलेलं वैर
त्याच्या आधी पोचलं होतं.
तो जगला.
माझ्या खिडकीची चौकट त्यानेच बसवली,
जरा तिरकी.

आणि हिल्याचा डावा पाय.
कुणीतरी, कुठेतरी, यादीतल्या चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं
आणि गेली नऊ वर्षं तो
गुडघ्याखाली कापलेला आहे.
ती बर्फातून सायकल हाणत येते,
दोन्ही बूट दाराशी झटकते,
आणि शहरातला प्रत्येक नवा तज्ज्ञ
जुनं वाक्य उचलून नव्या पानावर ठेवतो,
मान वर न करता.
मी दुरुस्तीचे चार अर्ज केले. पाय काही उगवला नाही.

हेल्दुरला मीच शिकवलं होतं:
कार्ड इथे सरकव, आकडे दाब,
हा तुझा रक्तदाब, ही तुझी साखर,
आणि ही खालची यादी,
तुझी फाइल कोणी, कधी उघडली त्याची.
चोर पकडायला असते ती.

यादीत मी होते. औषधांचं दुकान होतं.
आणि रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी,
तालिनच्या एका इस्पितळातून,
डॉक्टर केर्तू. आडनाव नवऱ्याचं.

आईला पुरलं त्या संध्याकाळी ती बोटीत बसली,
त्याला बारा वर्षं झाली.
का, ते फाइलमध्ये नाही.

नियमाने हा गुन्हाच.
ती त्याची डॉक्टर नाही, तो तिचा रुग्ण नाही,
आणि 'बाप आहे' या कारणाला रकाना नाही.
ही फट मला ठाऊक आहे. शाळेतल्या बाईंची फाइल
अशीच कुणीतरी उघडली होती,
आणि शनिवारपर्यंत बेकरीतल्या रांगेला
त्यांच्या झोपेच्या गोळ्या तोंडपाठ होत्या.
त्या बेट सोडून गेल्या.

म्हणून मी म्हणाले, तक्रारीचं बटण इथे आहे.
हेल्दुरने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"दोन दहा," तो म्हणाला.
"म्हणजे झोप लागत नाही तिला."

तेव्हापासून त्याला दर महिन्याला काही ना काही होतं.
कान. टाच.
एकदा नुसतीच जांभई.
मी मोजते, भरते. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी.
पुढच्या आठवड्यात तो यादी बघायला येतो.
कधी असते ती तिथे. कधी नसते.

मापं संपली की यंत्र विचारतं:
आणखी काही निरीक्षण?
दोनशे अक्षरांची जागा.
डॉक्टर वाइके समासात लिहायच्या,
'गाय व्यायला झालीय, म्हणून घाईत.'

गेल्या मंगळवारी मी लिहिलं:
टाच बरी. भूक चांगली.
उत्तरेकडच्या सफरचंदाला यंदा फार फळ धरलंय,
रुग्णाला एकट्याला संपत नाही.

जतन करा.

मग आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो,
धक्क्यावर बसतात तसे,
बोटीची वेळ झालेली नसताना.
बाहेर कुणीतरी बूट झटकत होतं.
एक. मग दुसरा.